फक्की

एकोणीस प्रकरणं झाली, खुनी सापडेना.
गोलकीपर पहिल्याच पानावर पडलाय,
पालथा,
अर्धा गोलरेषेच्या आत, अर्धा बाहेर,
गोल झाला की नाही
पंचालाही सांगता येऊ नये असा.
एक हातमोजा घातलेला, एक गायब.

मी दिवसभर विद्यापीठाच्या परीक्षा विभागात
फेरतपासणीचे अर्ज चाळतो
आणि साडेपाचनंतर त्याच टेबलावर
माणसं मारतो.
एकच मारलाय तसा. ऋतुराज हणबर.

संशयित भरपूर.
वसतिगृहाचा रेक्टर, मोर ओरडतात म्हणून रात्र रात्र जागा;
पेठेतला तो गवळी, फायनलवर म्हैस लावून हरलेला;
पंच, ज्याची शिट्टी मयताच्या मोज्यात मिळाली;
आणि रसायनशास्त्राची ती पीएच.डी.वाली,
तिचं प्रेम त्याच्यावर होतं की त्याच्या भावावर
हे माझंही अजून ठरत नाही.

बातमी टेकडी उतरून गावात गेलीच.
तालमीच्या कट्ट्यावरून हाक येते,
"खुनी खालच्या पेठेतला करा, हजार प्रती आम्ही खपवतो!"
खालच्या पेठेचा निरोप मिसळीच्या दुकानात मिळतो,
वरच्या पेठेतला असेल तर दोन हजार,
आणि प्रकाशनाला हलगी फुकट.

पुण्याच्या संपादकांनी समासात लाल शाईनं लिहिलंय:
"साक्षीदाराला भिंतीपलीकडून 'मी आलो' ऐकू येतं.
म्हणजे खुनी पुरुष.
मग संशयितांत बाई कशाला?"
मी हसलो.
आमच्यात आई म्हणते मी जेवलो,
बहीण म्हणते मी न्हालो,
आणि मी, थोरल्याच्या वेळी,
सरकारी दवाखान्याच्या खाटेवर कळा देत
"मेलो गं आई" असंच ओरडलो होतो.
हे समासात कसं मावणार?
"असू द्या," एवढंच लिहून पाठवलं.

शेवटी बाड दिलं दुर्गुळेमामांना.
बत्तीस वर्षं मैदान राखतात.
पहाटे पाचला बादली, फक्की, दोरी.
दोरी नुसती खांद्यावर. डोळा पुरतो.
त्यांनी आठ दिवस लावले.
पानापानावर बोटांचे पांढरे ठसे.

मग एका संध्याकाळी पोरं घरी गेल्यावर
गोलपोस्टला टेकून म्हणाले,
"फक्की मयताच्या पाठीवर हाय. पोटाखाली न्हाई.
तुमीच लिवलंय, पान अकरा.
म्हंजे रेघ त्यो पडल्यावर मारलीया.
आता अंधारात, दोरी न लावता,
मयतावरनं इतकी सरळ रेघ
या गावात कोण मारतंय, सांगा."

मी पानं उलटत सुटलो. पहिलं, सातवं, बारावं.
सगळीकडं होते.
बादली होती. 'कुणीतरी' वाकून रेघ आखत होतं.
इन्स्पेक्टर त्याच्या अंगावरून दोनदा गेला होता,
रेक्टरला, पंचाला, सगळ्यांना चहा देऊन जबाब घेतले होते,
याला नुसतं "बाजूला हो."
मी त्याला नावसुद्धा दिलं नव्हतं.

"मामा, शपथ, मी असं ठरवलं नव्हतं."
"व्हय की. म्हणून तर खरं वाटतंय."

बिडी पेटवली. दोन काड्या वाया गेल्या.
"फकस्त कारण लिवा नीट.
पैका न्हाई, बाई न्हाई, पेठ बी न्हाई.
पोरगं गुणाचं होतं.
पर दर पेनल्टीच्या आधी
बुटानं घासून घासून माझी रेघ पुसायचं.
बत्तीस वर्सांत कुणी खाली बघितलं न्हाई, बाई.
एकानं बी."

राजारामपुरीचे दिवे लागले होते.
लांब मोर ओरडला.
मी खाली पाहिलं.
माझी डावी चप्पल
रेघेवर होती.