रुपयाभार

जैतुनबी परकार सासूची माळ घेऊन आल्या
तेव्हा पंखेवाला शिडीवर होता,
म्हणून आम्ही काउंटरच्या टोकाला, उजेडाकडे सरकलो.
चौदा रुपये. प्रत्येकाला डाख देऊन कडी लावलेली.
दोरा काळा, दोनदा तरी बदललेला.
सासरे खलाशी, म्हणाल्या, बोटीच्या भट्टीत कोळसा ओढायचे,
फेरी संपली की एक राजा घरी यायचा.

मी वाटणी केली.
एडवर्ड चार, सातवा. उजवीकडे बघतो.
जॉर्ज सात, पाचवा. डावीकडे.
जॉर्ज तीन, सहावा. तोही डावीकडेच;
मधला एडवर्ड, आठवा, गादी सोडून गेला,
आमच्या टांकसाळीच्या साच्यापर्यंत पोचलाच नाही.
त्यानं उजवीकडे बघितलं असं सगळे धरून चालले.

जैतुनबींना आकडे नको होते.
हा टकल्या, त्यांनी बोट ठेवलं,
हा मुकुटवाला बाप, हे मुकुटवाले लेक.
सासू म्हणायची, काही झालं तरी टकल्या मोडायचा नाही.

आकडे आमच्यातही नाहीत.
दामोदर नरहर, नरहर दामोदर, परत दामोदर नरहर.
ठाकूरद्वारच्या पाटीवर तीच दोन नावं
शंभर वर्षं एकमेकांना जागा देत बसलीत.
कुठला दामोदर, असं कोणी विचारलं की आई सांगायची:
प्लेगातला.
नरहर, तो गोदीच्या स्फोटातला,
ज्याच्या गच्चीत राख आली,
सोन्याची वीट पडली ती दुसऱ्या कोणाकडे.
आणि चौदा कॅरटचा दामोदर, म्हणजे माझा बाप,
सोन्यावर नियंत्रण आलं तेव्हा भट्टी विझवून
घड्याळाचे पट्टे विकत बसला.
मी नरहर. कशातला ते अजून ठरायचंय.

पाचवा वाजवला. आवाज लांबपर्यंत गेला,
पंखेवाल्यानं खाली बघितलं.
सहावा वाजवला. बसका.
साल त्रेचाळीस. लढाई चालू, चांदी निम्मी,
चेहरा मात्र पुरता.
मुकुटावरून मला काही कळत नाही,
मी काठ घासून बघतो.

मग सातांतला एक हातात आला, साल अकरा.
मी गप्प झालो.
राजाच्या छातीवरच्या साखळीत एक हत्ती आहे,
लहान सोंडेचा, लोकांना तो डुक्कर दिसला,
बोभाटा झाला, सरकारनं साचा बदलला.
हौशी लोक ह्याचे जास्त देतात,
पण हे ह्या बाईंना कोणत्या तोंडानं सांगायचं?
साल जरा दुर्मिळ आहे, एवढंच म्हणालो.
त्या हसल्या.
डुक्कर ना? सासू सांगायची. बाजारात लोक घेईनात
तेव्हा सासऱ्यांनी मुद्दाम बदलून आणला.
आम्हाला तर हत्तीच दिसायचा.

भिंतीवरच्या टीव्हीत कधीची तरी मिरवणूक,
सोनेरी गाडी, म्हातारा राजा. आवाज बंद होता.
हा कोण?
तिसरा चार्ल्स.
आणि दुसरा?
साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. लग्नात त्याला हे बेट मिळालं होतं.
आपलं?
हो. मग त्यानं ते कंपनीला दिलं, वर्षाला दहा पौंडांवर.
जैतुनबींनी माळेकडे बघितलं.
हुंड्यातली वस्तू, म्हणाल्या, आणि भाड्यानं दिली!

तिन्ही लेक घ्या. बाकीचे ओवून द्या.
नातीला पांढरे बूट हवेत, केईएमला नर्सिंगला लागली.
मी म्हणालो, तेही टकल्याच्याच नावाचं.
असू दे, म्हणाल्या, बूट सात नंबर.

इलेक्ट्रॉनिक काटा पंखेवाल्यानं वायरसकट बाजूला ठेवलेला.
आजोबांचा तराजू काढला.
एका पारड्यात सहावे तीन.
दुसऱ्यात आमच्या गल्ल्यातले वजनाचे रुपये,
तोळ्याला एक, तिन्ही टकले,
झिजून नाक गेलेले.
काटा हलला, थोडा त्यांच्या बाजूला झुकला.
झीज आमच्याकडची होती.
मी ती धरली नाही.