धरून ठेवलेली लाइन

सेंट मेरीच्या खाडीवर, चर्चमागच्या विटांच्या खोलीत
आमचं एक्स्चेंज. नऊशे बारा घरं,
आणि एका वेळी बोलता येईल अशा वाटा शंभर.
यात लबाडी नव्हती. हिशेब होता:
माणूस तीन मिनिटं बोलतो.
शेवंडीचा भाव, कुणाला मुलगी झाली,
रस्त्यावरचा बर्फ काढला का,
आणि ठेवतो.
सगळे एकदम बोलत नाहीत
या एका भरवशावर
मी एकोणतीस वर्षं पगार घेतला.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात लोकांनी ठेवणंच सोडलं.
चार वाजता शाळेची बस गेली की
काउंटरचे आकडे चढायचे, उतरायचं नाव नाही.
एकदा हेडफोन लावून एका लाइनला कान दिला.
कुणी बोलत नव्हतं.
नुसती खरखर,
तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी,
फक्त तवा कधी गार होत नव्हता.

फेब्रुवारीत ऑनोरीन सोल्निए खिडकीशी आली.
नवऱ्याची बोट परतली नव्हती,
तिनं रिसीव्हर उचलला, तर आत सूरच नाही.
किती वेळ, मी विचारलं.
फॉर्मवर रकाना होता म्हणून.
"अर्धी जपमाळ झाली," ती म्हणाली.
मी लिहिलं: चाळीस सेकंद.
बोट आली तशी. माणूस भिजलेला, बाकी ठीक.
ती मात्र अजून रस्त्यात मला ओळख देत नाही.

मग हॅलिफॅक्सहून पत्र.
सर्वांत लांब कॉल शोधा. आवाज की डेटा, लिहा.
दर ठरवायचाय:
मिनिटागणिक लावायचा, की दुसरी लाइन महाग करायची,
की सगळ्यांवरच दोन डॉलर.

यादी काढली. वाटलं, डॉक्टरचा पोरगा असणार,
किंवा माझीच एलोडी, जी जेवायला हाक मारली की
वरून "पाच मिनिटं" म्हणते,
आणि तिच्या पाच मिनिटांत
माझ्या हिशेबातले चाळीस कॉल बसतात.

सगळ्यात वर निघाली झेली थेरियो. वय अडुसष्ट.
एकसष्ट तास, सलग.

गेलो. स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याशेजारी कॉम्प्युटर,
वर विणलेला रुमाल.
मुलगा फोर्ट मॅकमरीला, तेलाच्या वाळूत, रात्रपाळीला.
तिथं फोन करायचा तर मिनिटाला तीस सेंट.
हे महिन्याला वीस डॉलर, मग कितीही.
पडद्यावर एक छोटी चौकट, तिच्यात त्याचं नाव,
नावापुढे हिरवा ठिपका.
"काय लिहिता एवढं?"
"काही नाही. तो आहे ना तिथं,"
म्हणाली, आणि बटाटे सोलायला बसली.

रकाने दोनच होते.
मी दोनदा खोडलं.
शेवटी डेटा लिहिलं. खोटं तर नव्हतं.

एप्रिलपासून दोन डॉलर वाढले, सगळ्यांवरच,
ऑनोरीनवरसुद्धा, जिच्या भिंतीवर अजून
बोट घालून फिरवायच्या चकतीचा फोन आहे.
शिवाय दुसरी लाइन महाग झाली.
तरी झेलीनं तिच्यासाठी अर्ज भरला,
कुणी फोन केला तर तिचा लागत नाही म्हणे.
तिच्या रस्त्याला तांब्याची एकही जोडी शिल्लक नव्हती,
तेव्हा खांबावर चढून मी एक डबी बसवली,
एकाच जोडीच्या दोन लाइनी केल्या.
भाडं दोन्हींचं. वेग निम्मा.
हे सांगणं माझ्या कामात येत नाही.
सांगितलं.
"असू दे," ती म्हणाली, "मला कुठं घाई असते."

वर वारा फार होता. उतरण्याआधी
सवयीनं तारेला हेडफोन जोडला.
खरखर.
घड्याळ लावून तीन मिनिटं ऐकली,
मग काढून खिशात ठेवला.