जिनगी

नेब्रास्कातलं काउंटी कोर्ट, मार्चमधला मंगळवार.
मी कोपऱ्यात बसून प्रत्येकाचा शब्द टाइप करते,
माझा एकही त्यात नसतो.

ओटाकार ह्रुश्का, वय चौऱ्याऐंशी,
धान्याच्या कोठारावर चाळीस वर्षं काटा सांभाळलेला,
टोपी मांडीवर घेऊन बसलाय.
त्याच्यादेखत त्याची वाटणी चाललीय.

जज्जबाई सांगतात, सावकाश, मोठ्याने.
तो बहिरा नाही, पण ते कुणी विचारलं नाही.
गार्डियन पाहील माणसाला:
राहायचं कुठे, डॉक्टर कुठला, गोळी कधी.
ती थोरली लेक, व्लास्ता.
कॉन्झर्वेटर पाहील मालमत्तेला:
घर, एकशेसाठ एकर, ठेवी, पिकअप गाडी.
ते बँकेतले मिस्टर लिंडग्रेन,
दर वर्षी पै न् पैचा हिशेब कोर्टात देतील.

ओटाकार बोट वर करतो, शाळेतल्यासारखं.
"आणि कुत्रा?"

वकील कागद चाळतो.
कुत्रा कायद्यानं वस्तू, म्हणजे लिंडग्रेनकडे.
पण झोपतो म्हाताऱ्याच्या पायाशी.
जज्जबाई चष्मा काढतात, पुसतात, परत लावतात.

आमच्याकडे सातबाऱ्यावर पोराच्या नावापुढे
'अज्ञान' लिहीत,
मोठं झालं की शब्द खोडून घेत.
हा शब्द आता कोण खोडणार?
आणि आजोबांच्या खरेदीखतात होतं
'सर्व जिनगी, स्थावर व जंगम':
जगणं म्हणा, जमीनजुमला म्हणा, शब्द एकच.
इथे तो चिरायला
दोन माणसं लागतात, आणि शिक्का.

"काट्यावर," ओटाकार म्हणतो,
"आधी भरला ट्रक घ्यायचा, मग रिकामा.
मधला फरक तो माल.
मला रिकामा कधी मोजलात?"

मी टाइप केलं. उत्तर कुणी दिलं नाही,
म्हणून खाली काही नाही.

पाचला मी बाहेर पडले, तेव्हा
व्लास्ता वडिलांच्या कोटाची बटणं लावत होती,
वरून खाली, एक चुकलं, पुन्हा पहिल्यापासून.
पिकअपच्या काचेला नाक लावून कुत्रा.
दार बंद.
किल्ली लिंडग्रेनच्या खिशात,
आणि लिंडग्रेन अजून वरच,
सह्या करत.
वितळत्या बर्फात दोघं उभी राहिली.
ओटाकारनं काचेवर बोट टेकवलं,
आतून जिथं वाफ धरली होती
बरोबर तिथं.