एकच दोरी

नऊ वाजता वाऱ्याची बाही
खांबावर म्हशीच्या शेपटीसारखी लोंबत होती.
नऊ चाळीसला तिने मान उचलली.
विमान तोवर वर गेलेलं,
आणि विमानात भुसारी बाई,
बोरखडीच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका,
वय सदुसष्ट, वजन चोपन्न,
नंदेश्वर मास्तरांच्या पोटाशी चार कड्यांनी बांधलेल्या.

माझं काम जमिनीवरचं.
दिवसाचे साडेचारशे, हातमोजे कंपनीचे.
वारा मला यंत्राच्या आकड्यात कळत नाही,
तुरीच्या खळ्यावर कळतो:
दाणा पायाशी पडतो,
कुटार कुठवर जातं तेवढं पाहायचं.
आज कुटार नाल्यापार गेलं असतं.

पट्टीच्या मावळतीला जिनिंगचं टिनाचं शेड.
त्याच्या आडोशाला वारा निजतो, असं नवख्याला वाटतं.
निजत नाही.
छपरावरून उडी घेतो, मागे येऊन गरगरतो,
सरकीची धूळ, चिंध्या, बिडीची थोटकं घेऊन.
त्या भोवऱ्यात छत्री नेली
तर वीस फुटांवर ती श्वास सोडते.
मी वॉकीटॉकीत एवढंच बोलले,
"मास्तर, शेड सोडा. बाभळी सोडा.
नाल्याकडच्या पडीतात या.
वारा जिनिंगकडून सरळ येऊन राहिला."

ते आले.
वाऱ्याकडे तोंड करून छत्री उभीच राहिली हवेत,
पुढे सरकेना.
खाली हरभऱ्याच्या धसकटांवर त्यांची सावली थबकली
आणि मग, मी पाहिलं,
बोटभर मागे गेली.

अशा वेळी हात शिवशिवतात.
वाटतं वळावं, जरा बरी जागा पाहावी.
जमिनीजवळ वळलेली छत्री माफ करत नाही.
मास्तर वळले नाहीत.
खालची दोन कडी त्यांनी वरच सोडली होती,
ब्रेक अर्धेच ओढले, हळू,
दुधावरची साय काढावी तसे.
"पाय वर, बाई! गुडघे छातीशी!"
आणि बाईंनी पाय उचलले,
आयुष्यभर आम्हाला
'पाय खाली सोडून नीट बसा' म्हणणाऱ्या बाईंनी.

टेकले.
धुळीत, ढेकळांवर, बसल्या बसल्या,
पोतं ठेवावं तसे.

इथे लोक टाळ्या वाजवतात.
इथेच चुकतं.
माणसं उतरलेली असतात, छत्री नाही.

मी आधीच पळत होते.
मास्तरांनी उजवी दोरी सोडली, डावी माझ्या हातात कोंबली.
एकच ओढायची.
दोन्ही धरून ठेवल्या तर ती शीड होते,
दोन जीव फरफटत नेते कुंपणाच्या तारेपर्यंत.
एक ओढली की एका खांद्यावर कलते,
स्वतःतच गुरफटते.
ओढली. वाऱ्याच्या पाठीला धावत, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत.
तरी सहा हात नेलंच तिने आम्हाला.
बाईंचा चष्मा गेला. माझी एक चप्पल गेली.
मग मी कापडावर पोटावर पडले, सगळं वजन टाकून.

धूळ बसायच्या आत बाई म्हणाल्या,
दातांत माती,
"मडावी ना गं तू? मागच्या बाकावरची?"
"हाव बाई."
"सांग, हलणाऱ्या हवेला काय म्हणतात?"

माझ्या पोटाखाली ते अजून धडपडत होतं,
पकडलेल्या कोंबडीसारखं.
उत्तर मला येत होतं.
तेव्हाही येत होतं,
तुम्ही कधी मागच्या बाकापर्यंत आलाच नाहीत.

"चष्मा शोधते," मी म्हटलं,
"तोवर ही दोरी धरा.
अन् बाई,
दुसरी धरू नका."