मधे या

गुडघ्यांखाली उशी, टाचांखाली टॉवेलची गुंडाळी,
मानेखाली एक पातळ; तीही नको म्हणाले भिलारे.
"असू द्या हो, सवय आहे."

सवय म्हणजे स्वारगेट ते वडगाव, एकतीस वर्षं,
मांडी बाकाला टेकवलेली
आणि उजवा हात वर, दांडीला.

तो हात अजून खाली यायला तयार नाही.
उताणे निजले तरी खांदा टेबलापासून चार बोटं वर.
मी त्या चार बोटांत
चादरीची घडी सरकवली, मग आणखी एक.
त्यांनी श्वास सोडला. चोरून.

खालच्या गिरणीत कुणाची तरी बाजरी चालू होती,
टेबलाचे पाय बारीक थरथरत होते.
"डेपोतून गाडी निघाल्यागत वाटतंय," म्हणाले.

तेव्हा लक्षात आलं:
टेबल अडीच फुटांचं, आणि हे पार कडेला,
एक पाय जवळजवळ बाहेर,
अर्धी जागा नीट राखलेली.
"कुणी यायचंय का, काका?"
हसले. मग गप्प झाले,
खरंच आठवून बघत असल्यासारखे.

ज्यांनी साऱ्या पेठांना ओरडून सांगितलं
पुढे सरका, आत चला, दारात थांबू नका,
त्यांना मी हळू आवाजात म्हटलं,
मधे या.
पुढे स्टॉप नाही. सगळी सीट तुमचीच.

सरकले.
वीतभर.
गिरणी थांबल्यावर आणखी बोटभर.

जाताना पैसे दिले,
सुटे, मोजून.