रंगाचा रकाना

लाएच्या वनस्पतिसंग्रहालयात, पंख्याखाली,
गेडिसा शेवाळाच्या पुड्या बांधते.
पुडीवर गाव, उंची, तारीख, झाडाचं नाव;
रंगाच्या रकान्यापाशी मात्र हात घुटमळतो.

बाहेर नीरफणसावर लालभडक पोपटीण
ढोलीच्या तोंडाशी बसून अख्ख्या आवाराला दटावते.
हिरवागार नर तिच्यासाठी चोचीतून घास आणतो.
किती वर्षं पुस्तकांनी या दोघांना
दोन जाती समजून
वेगवेगळ्या खणांत झोपवलं!
"आम्हाला कुणी विचारलंच नाही," आजोबा म्हणायचे,
"आम्ही तर त्यांचं भांडण रोज ऐकत होतो."

शेवाळाचं भांडण कुणाला ऐकू येणार?
भिंगाखाली, मादीच्या पानावर
राळ्याच्या दाण्याहून बारीक नर,
तिथंच रुजलेला, तिथंच राहिलेला.
घरजावई!
गेडिसा स्वतःशीच हसते.

शेजारच्या खोलीत, खणातल्या पोपटिणीचं पीस
अजून तस्संच लाल.
डोळ्यांच्या जागी कापूस.
आणि त्याच साली बांधलेल्या पुडीतलं शेवाळ
चहाच्या चोथ्यासारखं.

कुलूप लावण्याआधी
तिनं त्या चोथ्यावर एक थेंब सोडला,
नियमात बसत नाही तरी.
पान उलगडलं, सावकाश, आळस दिल्यासारखं.
जिवंत नसेलच म्हणा.
हिरवं म्हणावं की नाही, कोण जाणे.

पेन्सिल उचलून तिनं रकान्यात लिहिलं,
'ओलं असताना'
आणि पुढचा शब्द शोधेपर्यंत
बाहेर ती लाल बया
पुन्हा किंचाळली.