दोन डोक्यांचा साप, पुढे चाळीस मैल

अशी पाटी येते, मागे पडते,
मग तीस मैल, मग बारा.
ओफेलिया बर्फाचा खडा मानेवर फिरवते.
एसीनं टुसॉनलाच राम म्हटला.
"थांबायचं?" वेंडेल विचारतो.
मोटेल सोडल्यापासून तिनं तोंड उघडलेलं नाही.

दुकान बंद. काचेवर धूळ.
तळहातानं पुसली तर आत बरणी, गढूळ पाणी,
आणि खरंच की,
एका अंगाला दोन तोंडं,
एक महामार्गाकडे, एक भिंतीकडे.

"उपाशी मेला असणार," ती म्हणते,
"कुठं जायचं ते ठरेना म्हणून."

वेंडेल आधी नाकातून हसतो, मग पोटातून.
तिलाही आवरत नाही.

गाडीचं दार इतकं तापलंय
की टोपीनं धरून उघडावं लागतं.
तो आधी तिचं उघडतो.